गावची नोंद आणि सरकारी खाती : भातकुली तालुक्यातील माहितीची देवाणघेवाण

विषय

शासनाचे प्रत्येक खाते आपल्या कामापुरती माहिती गोळा करते आणि ती आपल्याजवळ ठेवते. जमीन कोणाच्या नावे आहे हे महसूल खात्याला ठाऊक असते, पीक कशाने गेले हे कृषी खात्याला, गावात कोण जन्मले व कोण वारले हे ग्रामपंचायतीला, तर विहिरीच्या पाण्यात क्षार किती हे भूजल यंत्रणेला. नागरिकाची अडचण मात्र अशी खातेवार विभागलेली नसते. अतिवृष्टीत कपाशी गेलेल्या शेतकऱ्याला मदत द्यायची, तर निरनिराळ्या दप्तरांतील नोंदी एकत्र याव्या लागतात. एका शासकीय संस्थेने ठरलेल्या कामासाठी आणि ठरलेल्या अधिकाराने आपली नोंद दुसऱ्या संस्थेला वापरू देणे, याला माहितीची देवाणघेवाण म्हणतात. ती झाली नाही तरी नोंद प्रवास करतेच. फक्त तो प्रवास शेतकऱ्याच्या पिशवीतून, झेरॉक्सच्या रूपाने होतो.

भातकुलीचा भूभाग

भातकुली हा अमरावती जिल्ह्याच्या १४ तालुक्यांपैकी एक. अमरावती शहराच्या पश्चिमेला, पूर्णा आणि पेढी या नद्यांच्या खोऱ्यात तो पसरलेला आहे. त्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत विस्तारलेल्या या पट्ट्यात जमीन काळी व खोल असली तरी भूजल खारे आहे. विहीर खोदून ओलीत करता येत नाही, म्हणून शेती मुख्यतः पावसावरची: कपाशी, तूर, सोयाबीन, मूग, उडीद आणि पावसाळा सरल्यावर जमिनीच्या ओलीवर येणारा हरभरा. अशा ठिकाणी सरकारी नोंदीतील चूक अधिक महाग पडते. खरीप गेला की वर्ष गेले, आणि त्या वर्षी मिळणारी मदत, विमा किंवा हमीभावाने खरेदी यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी नोंदीवर अवलंबून असते.

नोंदी कोणाच्या ताब्यात

गावपातळीवर तीन कर्मचारी तीन वेगळ्या वाटांनी शासनाशी जोडलेले आहेत. तलाठी तहसीलदाराच्या हाताखाली काम करतो आणि गाव नमुना ७ (मालकी व हक्क), १२ (पिके), ६ (फेरफार) व ८-अ (खाते) ही दप्तरे सांभाळतो. ग्रामसेवक पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्याला आणि पुढे जिल्हा परिषदेला बांधील असतो; घरांची कर आकारणी आणि जन्म-मृत्यूची नोंद त्याच्याकडे असते. कृषी सहायक तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अहवाल देतो. अलीकडे तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी अशी नवी पदनामे मिळाली. बोलण्यात जुनीच रूढ आहेत. या तिन्ही वाटा जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त यांच्या पातळीवर एकत्र दिसू लागतात. भातकुली गावाची गोष्ट आणखी निराळी: तेथे नगरपंचायत असल्याने त्या वस्तीची माहिती ग्रामविकास खात्याऐवजी नगरविकास खात्याकडे जाते.

संयुक्त पंचनामा

देवाणघेवाणीचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत महत्त्वाचा प्रकार कोणत्याही संगणकावर घडत नाही. तो शेताच्या धुऱ्यावर घडतो. अतिवृष्टी किंवा पूर ओसरल्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. खातेदाराचे नाव, गट क्रमांक आणि धारण क्षेत्र तलाठ्याच्या दप्तरातून येते. पीक कोणते, कोणत्या अवस्थेत होते आणि नुकसान किती टक्के, हे कृषी सहायक पाहतो. ग्रामसेवक गावात दवंडी वा सूचना देतो, माणसांची ओळख पटवतो आणि घरांची पडझड झाली असल्यास तीही नोंदवतो. एकाच तक्त्यावर तिघांच्या आणि पंचांच्या सह्या होतात. तीन खात्यांच्या तीन नोंदी एका ओळीत येतात, आणि शेतकरी तेथेच उभा असल्याने चूक जागच्या जागी दुरुस्त होऊ शकते. पुढच्या टप्प्यांत ही सोय राहत नाही.

या एका ओळीतील प्रत्येक रकान्याला पैशात अर्थ आहे. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देय होते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर जिरायत पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० असे आहेत. म्हणजे टक्केवारी कृषी सहायकाच्या नजरेवर, दर जमीन जिरायत की बागायत या नोंदीवर आणि रक्कम सातबाऱ्यावरील क्षेत्रावर ठरते.

त्यानंतर यादी तहसील कार्यालयात जाते आणि संगणकावर चढवली जाते. प्रत्येक लाभार्थ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावोगावी त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो क्रमांक घेऊन शेतकऱ्याने सेतू केंद्रात अंगठा लावून केवायसी करायची आणि मग आधारशी जोडलेल्या बँक खात्यात रक्कम जमा व्हायची, अशी ही पद्धत आहे. रखडणे बहुधा या टप्प्यात होते. पंचनामा झालेला असतो, पण सामाईक खात्यातील एखादा भाऊ पुण्याला असल्याने त्याचे संमतीपत्र मिळत नाही, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा यादीत नावाचा एक काना चुकलेला असतो.

पाऊस आणि मंडळ

अतिवृष्टी झाली की नाही, हे ठरते महसूल मंडळाच्या पातळीवर. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. ही नोंद महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांतून येते. कृषी खात्याने स्कायमेट या खाजगी कंपनीच्या भागीदारीत २०१७ च्या सुमारास राज्यभर अशी केंद्रे उभारली. त्याआधी पावसाची खात्रीची नोंद मुख्यतः तालुक्याच्या ठिकाणी होत असे. ती मंडळापर्यंत खाली आली, ही मोठी प्रगती होय. तीच नोंद महसूल खाते मदतीसाठी, विमा कंपनी जोखमीच्या हिशेबासाठी आणि कृषी विद्यापीठ पेरणीच्या सल्ल्यासाठी वापरते. एका मोजमापाचे अनेक उपयोग करणे, हा देवाणघेवाणीचा खरा लाभ.

मर्यादा त्याच नोंदीत आहे. आशिनातला किंवा वळवाचा पाऊस नाल्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही. मंडळात मात्र पंधरा-वीस गावे असतात आणि यंत्र एकाच गावात असते. भातकुलीत याहून गंभीर अडचण नद्यांमुळे येते. सातपुड्याच्या पायथ्याशी जोराचा पाऊस होऊन विश्रोळीच्या पूर्णा प्रकल्पाचे दरवाजे उघडले की खालच्या काठच्या शेतांत पाणी येते. त्या मंडळातील पर्जन्यमापकात तेव्हा फारसा पाऊस नसतोही. अशा वेळी निर्णयासाठी कृषी खात्याची पावसाची नोंद पुरत नाही, जलसंपदा खात्याची विसर्गाची नोंद लागते. दोन्ही नोंदी अस्तित्वात असतात आणि त्या एकाच तक्त्यात तालुक्याला रोज मिळायला हव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची केंद्राची विंड्स ही योजना पहिली उणीव भरून काढू शकते. दुसरी उणीव यंत्रे वाढवून भरणारी नाही.

ई-पीक पाहणी

गाव नमुना १२ वरील पिकाची नोंद पूर्वी तलाठी हंगामात एकदा करत असे, आणि अनेकदा मागील वर्षाचे पीकच पुढे उतरवले जाई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह करायची पद्धत सुरू झाली. छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांश जातात आणि काही नोंदींची पडताळणी तलाठी करतो. हा महसूल व कृषी या दोन खात्यांचा संयुक्त उपक्रम आहे. पेरा किती हे दोन्ही खाती वेगवेगळे मोजत आणि दोघांचे आकडे जुळत नसत, ही त्यामागची जुनी पार्श्वभूमी.

ही एक नोंद आता बऱ्याच दारांची किल्ली झाली आहे. नाफेडच्या खरेदीसाठी तूर किंवा सोयाबीन सातबाऱ्यावर दिसावे लागते. भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी सुरू केली, तीही जमिनीच्या व पिकाच्या नोंदींवर उभी आहे. पीक विम्यात एक पीक आणि पाहणीत दुसरे निघाले तर दावा अडचणीत येतो. उपयोग जितके वाढतात तितकी न झालेल्या नोंदीची किंमत वाढते. ज्या वृद्ध खातेदाराकडे चांगला मोबाइल नाही, किंवा ज्याच्या शेतात रेंज येत नाही, त्याचे पीक शेतात उभे असूनही कागदावर पडीक दिसते. तलाठी व सहायकांमार्फत उरलेल्या नोंदी पूर्ण करून घेण्याची तरतूद आहे. तिच्यावर किती मनुष्यबळ लावले जाते, यावर या पद्धतीची न्याय्यता अवलंबून राहील.

पीक कापणी प्रयोग

विम्याची भरपाई वैयक्तिक शेतावर नव्हे, तर मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. निवडलेल्या शेतांत ठरलेल्या मापाचा तुकडा आखून तेथील पीक कापले व तोलले जाते. हे काम महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद या तीन यंत्रणांत वाटलेले असते. २०२३ मध्ये सुरू झालेली एक रुपयातील विमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारली गेली. त्यामुळे या प्रयोगांचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे.

एकच गाव, अनेक ओळखी

दोन खात्यांच्या याद्या जोडायच्या तर दोन्हींत एक तरी समान खूण हवी. वरवर पाहता गावाचे नाव ही ती खूण वाटते. प्रत्यक्षात महसूल खात्याचे गाव म्हणजे मौजा: शीव असलेला, गट क्रमांक पाडलेला जमिनीचा तुकडा. ग्रामविकास खात्याचे एकक ग्रामपंचायत आहे, आणि एका गट ग्रामपंचायतीत दोन-तीन मौजे असू शकतात. वऱ्हाडात उजाड मौजेही आहेत. तेथे वस्ती नाही, मतदार नाहीत, घरपट्टी नाही, पण शेते आहेत आणि खातेदारही आहेत. ग्रामपंचायतीच्या यादीवरून मदत वाटली तर हे शिवार सुटते, मौजांच्या यादीवरून नळजोडण्या मोजल्या तर शून्य कुटुंबांचे गाव दिसू लागते. आरोग्य उपकेंद्राचे क्षेत्र या दोहोंपेक्षा निराळे.

यावर उपाय म्हणून केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने स्थानिक शासन निर्देशिका तयार केली आहे. तीत प्रत्येक गावाला, ग्रामपंचायतीला आणि तालुक्याला कायमचा क्रमांक आहे, आणि कोणता मौजा कोणत्या पंचायतीत हेही जोडलेले आहे. सर्व खात्यांनी हाच क्रमांक वापरला तर बुद्रुक-खुर्दचा आणि एकसारख्या नावांचा घोळ संपतो. हे काम नीरस आहे, त्याचे उद्घाटन होत नाही. पण याशिवाय पुढची कोणतीही जोडणी टिकत नाही.

माणसांच्या नावांचे तसेच. सातबारा देवनागरीत, बँक खाते रोमन लिपीत आणि आधारवर दोन्ही. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर, तिसरीकडे ‘राव’ लावून. संगणकाच्या दृष्टीने ही तीन माणसे होतात. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांच्या, सहकार खात्याच्या आणि अर्जांच्या याद्या जुळवताना या अडचणीने राज्यभर विलंब झाला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत बँकांची माहिती आधी मागवून, याद्या गावात प्रसिद्ध करून आणि मग शेतकऱ्याचे आधार प्रमाणीकरण करून क्रम बदलला गेला. अर्जाचे ओझे शेतकऱ्यावरून बँकांवर गेले.

मृत्यूची नोंद आणि वारस

खातेदार वारला की ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते. सातबाऱ्यावर मात्र तो वर्षानुवर्षे जिवंत राहतो, कारण वारसांनी अर्ज केल्याशिवाय तलाठ्याकडे फेरफार सुरू होत नाही. वारसांना ना कर्ज मिळते, ना मदत. भातकुलीसारख्या तालुक्यात आणखी एक पेच आहे. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडला तेथे होते. गंभीर रुग्ण अमरावतीला नेले जातात. तेथे मृत्यू झाला तर नोंद शहरात राहते आणि गावच्या वहीत काहीच येत नाही. म्हणून ग्रामसेवकाची वही तलाठ्याला दिली तरी यादी अपुरीच निघेल.

यावरील उपाय वऱ्हाडातच प्रथम करून पाहण्यात आला. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात मृत खातेदार शोधून वारस नोंदी करण्याचा उपक्रम २०२५ च्या आरंभी झाला, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून ‘जिवंत सातबारा’ या नावाने तो राज्यभर राबवला गेला. प्रथम चावडीवाचन करून मृतांची यादी तयार करायची, मग वारसांकडून कागद घ्यायचे आणि शेवटी ई-फेरफार प्रणालीत नोंद मंजूर करायची, असे टप्पे होते. मोहिमेची कल्पना उत्तम. पण मोहीम संपते आणि मृत्यू होतच राहतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या दुरुस्तीने राष्ट्रीय माहितीसाठा तयार करून तो इतर नोंदींशी जोडण्याची मुभा दिली आहे. शहरातील नोंद मूळ गावच्या तलाठ्याच्या संगणकावर सूचना म्हणून पोहोचणे त्यामुळे कायद्याने शक्य झाले आहे. जमिनीच्या खरेदीबाबत असे आधीच घडते: दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती आपोआप ई-फेरफारमध्ये येते, तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. येथे यंत्र फक्त वर्दी देते. निर्णय अधिकाऱ्याचा असतो आणि हरकतीची संधी कायम राहते.

पाण्याची माहिती

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. स्रोतांची स्वच्छता पाहून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल लोकांत दीर्घकाळ चिंता आहे. रुग्ण आरोग्य खात्याच्या वहीत असतात आणि पाण्याचे अहवाल पाणीपुरवठा खात्याच्या. दोन्ही याद्या गावाच्या एकाच क्रमांकाने शेजारी ठेवल्याशिवाय त्या चिंतेचे शास्त्रीय उत्तर मिळणे अवघड आहे. विहिरींच्या अनुदानाचेही तसेच: राज्यभर एकच नियम असलेली योजना भातकुलीत राबवताना भूजलाची क्षारता पंचायत समितीच्या टेबलावर नसेल, तर अनुदान खाऱ्या विहिरीत जाते. तेथे शेततळे अधिक उपयोगी, कारण साठवलेले पावसाचे पाणी गोडे असते.

शेतकरी ओळख क्रमांक

डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ॲग्रीस्टॅक या शेतीविषयक डिजिटल प्रणालीची नोंदणी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. त्यात तीन आधार आहेत: शेतकऱ्यांची नोंदवही, पेरलेल्या पिकांची नोंदवही आणि गावांचे भूसंदर्भित नकाशे. कर्नाटकात फ्रूट्स प्रणालीने असा क्रमांक याआधीच दिला होता. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ज्यांची ॲग्रीस्टॅक नोंदणी झाली आहे त्यांना मदतीसाठी पुन्हा केवायसी करण्याची गरज ठेवली गेली नाही. सेतू केंद्रावरील एक रांग कमी झाली. मर्यादाही उघड आहे: क्रमांक सातबाऱ्यावर उभा आहे, म्हणून ठोक्याने किंवा बटईने शेत करणारा, खत-बियाण्याचा खर्च स्वतः सोसणारा माणूस त्यात दिसत नाही.

साठवण की विचारणा

नोंदी जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत सर्व माहिती एका मोठ्या कोठारात आणली जाते. दुसरीत ती मूळ खात्याकडेच राहते आणि इतर खाती गरजेपुरता प्रश्न विचारतात. एस्टोनियाने २००१ पासून एक्स-रोड या व्यवस्थेत दुसरी पद्धत स्वीकारली. तेथे एकदा दिलेली माहिती शासनाने नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही असे तत्त्व आहे, आणि आपली नोंद कोणी पाहिली हे नागरिकाला कळू शकते. गावपातळीवर हा शेवटचा भाग फार मोलाचा ठरेल. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अनुदान व सेवा देण्यासाठी शासनाला काही परिस्थितीत नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची सवलत त्यात आहे. ही सवलत आहे म्हणूनच गावच्या फलकावरील यादीत आधार क्रमांक आणि बँक खाते पूर्ण छापले जाणार नाही, याची काळजी तालुक्याने घेतली पाहिजे.

परतीची वाट

वरील सर्व प्रवाह पाहिले तर त्यांची दिशा बहुतेक वर जाणारी आहे. गाव माहिती देते, तालुका गोळा करतो, जिल्हा व राज्य वापरतात. आडवी देवाणघेवाण, म्हणजे तलाठी व ग्रामसेवक यांच्यात, फक्त पंचनाम्यासारख्या प्रसंगी होते. आणि खाली येणारी माहिती सर्वांत कमी. आपल्या गावात यंदा कपाशी किती हेक्टर, किती खातेदारांचे पंचनामे अडले आणि कोणत्या कारणाने, पाण्याचा शेवटचा नमुना कसा निघाला, हे सरपंचाला एका पानावर मिळत नाही, जरी त्यातला प्रत्येक आकडा गावानेच दिलेला असतो.

याला एक चांगला अपवाद आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ५,१४२ गावे होती. त्यांपैकी ९३२ पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातली. मुंबईच्या आयआयटीने त्यासाठी गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत तयार केली. पाऊस, मातीची खोली, पिकांचे क्षेत्र आणि असलेले बंधारे व शेततळी यांवरून गावात किती पाणी पडते, किती वाहून जाते आणि पिकांना किती कमी पडते, हे काढले जाते. निरनिराळ्या खात्यांची माहिती येथे गावाच्या नावाने एकत्र आली आणि गावाच्या आराखड्यासाठी ग्राम कृषी संजीवनी समितीपुढे ठेवली गेली. हीच रीत पंचनाम्याच्या यादीला, पीक पाहणीला आणि पाणी-नमुन्यांना लावण्यास नव्या यंत्रणेची आवश्यकता नाही. ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरतेच. तिच्या विषयपत्रिकेवर तहसील, कृषी आणि पाणीपुरवठा या तीन कार्यालयांचा एकेक तक्ता ठेवणे तालुका पातळीवरील समन्वय बैठकीत ठरवता येते, आणि तेथे वाचून दाखवलेल्या यादीतील चुकीचे नाव दुरुस्त करून तलाठ्याकडे पाठवण्याची मुदतही त्याच बैठकीत नेमता येते.